‘मावशी, अंगठा उठला नाही, परत ठेवा’

सोलापूरच्या पूर्व भागात कुणी रस्त्यावरच्या छत्रीखाली सिम पोर्ट करून, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलून, घेतलं असेल, तर हे वाचाच. घरात विड्या वळणारी आई किंवा सासू असेल तर नक्कीच.

जुलै २०२४ मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हापासून आमच्याकडे रिचार्जचा हिशोब सुरू झाला. २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज. आईच्या नंबरचा पॅक २९९ चा, म्हणजे ३,८८७ रुपये. अशोक चौकाकडच्या एका छत्रीवर फ्लेक्स होता, १९९ मध्ये तेवढाच डेटा, तेवढेच दिवस. वर्षाला १,३०० रुपये वाचणार म्हटल्यावर कोण थांबेल?

छत्रीखालचा पोरगा गोड बोलणारा. आईचा फोन स्वतःच्या हातात घेतला, १९०० वर पोर्टचा मेसेज टाकला, आठ अक्षरी कोड आला. मग आधार नंबर, फोटो, अंगठा. ‘मावशी, अंगठा उठला नाही, परत ठेवा.’ आईची हयात विड्या वळण्यात गेली, बोटांच्या रेषा झिजल्यात. रेशन दुकानातल्या मशीनवरही तिचा अंगठा कधी पहिल्या झटक्यात उठत नाही, त्यामुळे आम्हाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. ‘फोटोत डोळे मिटले’ म्हणून फोटोही परत काढला. फोन सगळा वेळ त्याच्याच हातात, म्हणजे आलेले ओटीपीही त्यानेच वाचले. वर शंभर रुपये ‘पोर्टिंग चार्ज’. पावती नाही.

पुढचा रिचार्ज करायला गेलो तर १९९ चा पॅकच दिसेना. तो दर फक्त पहिल्या रिचार्जला, हे फ्लेक्सवर कुठे होतं? होतं म्हणे, खाली, बारीक अक्षरात. नेहमीचा दर जुन्या कंपनीइतकाच. परत फिरावं तर पोर्ट केल्यावर ९० दिवस दुसरीकडे जाता येत नाही. जुन्या सिममधला बॅलन्स तर नंबर हलला तेव्हाच बुडाला होता.

एवढ्यावर भागलं असतं तर मी लिहायलाही बसलो नसतो.

टॉवेल कारखान्यात माझ्यासोबत काम करणाऱ्या एकाने सांगितलं, दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ साइटवर तुमच्या नावावर किती नंबर आहेत ते बघा. आईच्या नावावर दोन निघाले. दुसऱ्या नंबरचे शेवटचे आकडे घरात कुणाच्या ओळखीचे नव्हते. मग आधारच्या साइटवर जाऊन अंगठा कधी कधी वापरला गेला त्याची नोंद उघडली. त्या दिवशी काही मिनिटांच्या अंतराने दोन नोंदी होत्या आणि दोन्ही यशस्वी. म्हणजे अंगठा पहिल्याच वेळी उठला होता! दुसऱ्या वेळी ठेवला तो दुसऱ्या सिमसाठी.

असं सिम पुढे कुणाच्या हातात जातं ते सांगायला नको. त्यावरून कुणाला गंडा घातला गेला तर पोलीस पहिल्यांदा नाव बघतात ते सिमधारकाचं, आणि ते नाव आईचं.

संचार साथीवर तो नंबर ‘माझा नाही’ म्हणून कळवला. कंपनीच्या शोरूममध्ये लेखी तक्रार दिली आणि पोच मागून घेतली. तिथल्या माणसाचं पहिलं वाक्य काय, तर ‘घरातल्याच कुणी घेतलं असेल.’ आधारची नोंद पुढे केल्यावर त्याचा सूर बदलला. नंबर बंद झाला. छत्री मात्र तोवर तिथून हलली होती.

पोर्ट करायचंच असेल तर कंपनीच्या पक्क्या दुकानात जा, आणि पहिल्या नव्हे, दुसऱ्या रिचार्जचा दर विचारा. अंगठा उठला नाही म्हणाला तर स्क्रीन बघायला मागा. आधारचं बायोमेट्रिक एरवी लॉकही करून ठेवता येतं, आईचं आता तसंच आहे.

त्याच छत्रीवर गेलेल्या गल्लीतल्या दोघींचे नंबर मी परवा तपासून दिले. एकीच्या नावावर एकच होता, दुसरीच्या नावावर तीन.