हलका अँटीव्हायरस साठ हजारांना पडला

आमच्या अप्पांच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं प्रकरण ‘व्हायरस आहे’ या एका थापेवर उभं राहिलं.

अप्पा म्हणजे माझे वडील. वय ७४, निवृत्त, सहकारनगरला राहतात आणि सोसायटीचे हिशोब अजून तेच बघतात. डेस्कटॉप जुना: विंडोज १०, चार जीबी रॅम आणि आत फिरणाऱ्या तबकडीची हार्ड डिस्क. बटण दाबून अंघोळीला जायचं आणि येऊन एक्सेल उघडायचं, अशी सवय त्यांनी लावून घेतली होती. त्यातल्या अँटीव्हायरसचं स्कॅन सुरू झालं की माऊसचा बाणसुद्धा अडखळायचा. म्हणून जुन्या मशीनला झेपेल असा हलका अँटीव्हायरस ते गूगलवर शोधायला बसले. त्यात गैर काहीच नाही.

शोधल्यावर सगळ्यात वर जे दिसलं ती जाहिरात होती. वर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं. पैसे भरून तिथं कुणालाही बसता येतं, ठगालाही. अप्पांनी तिथून एक प्रोग्राम उतरवला. त्यानं अर्ध्या मिनिटात मशीन ‘तपासून’ अडीचेक हजार धोके लाल अक्षरात दाखवले. जुन्या हार्ड डिस्कवर खरं पूर्ण स्कॅन व्हायला तास-दोन तास सहज लागतात. असले प्रोग्राम ब्राउझरच्या कुकीज, टेम्पररी फाइली, रजिस्ट्रीतल्या (म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथं ठेवतं तिथल्या) निरुपद्रवी नोंदी असलं सगळं मोजून त्याला ‘धोका’ म्हणतात. माझ्या ऑफिसातल्या कोऱ्या लॅपटॉपवरही त्यानं शेकडो काढले असते. खाली एक फोन नंबर होता: ‘तज्ज्ञांशी मोफत बोला’.

फोनवरचा मुलगा अदबीनं बोलणारा. ‘अंकलजी, आप टेन्शन मत लीजिए.’ त्यानं अप्पांकडून एनीडेस्क टाकून घेतलं. एनीडेस्क हे दुसऱ्याचा कॉम्प्युटर दुरून चालवायचं सरळ, कामाचं सॉफ्टवेअर आहे, आमच्या ऑफिसात रोज वापरतो. पण त्यात दिसणारा नंबर परक्याच्या हातात दिला की मशीन त्याच्या हातात जातं. रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्येच याच ॲपचं नाव घेऊन इशारा दिला होता.

अप्पा सगळं डायरीत लिहून ठेवतात, दुधाच्या पिशवीपासून. त्यामुळे त्या मुलानं काय काय दाखवलं ते मला तारखेवार वाचायला मिळालं. आधी त्यानं इव्हेंट व्ह्यूअर उघडलं. ही विंडोजची स्वतःची रोजनिशी. एखादी सेवा सुरू व्हायला उशीर झाला, प्रिंटर सापडला नाही, की तिथं लाल किंवा पिवळी खूण पडते. धडधाकट मशीनवरही अशा शेकडो खुणा असतात. ‘ये सब इन्फेक्शन है, अंकलजी.’ मग काळ्या खिडकीत एक कमांड दिली, भराभर ओळी धावल्या आणि शेवटी एक लांबलचक आकडा आला. हा तुमच्या कॉम्प्युटरचा खासगी लायसन्स नंबर, म्हणाला, आणि तो हॅकरकडे पोचलाय. हवं तर मी वाचतो, तुम्ही ताडून बघा. त्यानं वाचला, आणि अक्षर न् अक्षर जुळला! अप्पांनी तो डायरीत उतरवलेला होता: आठ-आठ-आठ-डी-सी-ए-सहा-शून्य, पुढं आणखी बरंच. मी तीच कमांड माझ्या मशीनवर चालवली. तोच आकडा. शेजारच्या टेबलावर चालवली. तोच. तो विंडोजच्या ‘सेंड टू’ मेनूशी संबंधित आहे आणि सगळ्या विंडोजवर एकच असतो. समोरच्याला तो पाठ असतो, इतकंच. ही युक्ती मला फार सफाईची वाटली, आणि म्हणूनच जास्त संताप आला.

जोडीला आणखी एक भीती घातली होती: ‘आपका विंडोज एक्सपायर हो गया है.’ विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ही खरी बातमी अप्पांनी पेपरात वाचली होती. खऱ्याच्या शेजारी खोटं ठेवलं की ते खपतं.

पाच वर्षांच्या ‘अल्ट्रा लाइट’ लायसन्सचे ५,९९९ रुपये घेतले. आणि गंमत बघा, कॉम्प्युटर खरंच वेगात चालायला लागला. मी नंतर बघितलं तेव्हा उलगडलं: त्यानं सुरुवातीला आपोआप चालू होणारे प्रोग्राम बंद केले होते, जुना अँटीव्हायरस काढून टाकला होता आणि विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, तोही बंद केला होता. पहारेकरी घरी पाठवला की दारातली गर्दी कमी होणारच. अप्पांना मात्र पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं, त्यामुळे मला सांगायचा प्रश्नच आला नाही.

खरा दरोडा पुढंच होता. काही महिन्यांनी फोन आला, या वेळी बाई. कंपनी भारतातली सेवा बंद करतेय, तुमचे ५,९९९ परत द्यायचेत, नेट बँकिंग उघडून ठेवा. एनीडेस्क मशीनवर होतंच. तिनं एक फॉर्म उघडून रक्कम टाकायला सांगितली. अप्पांनी ५९९९ टाकलं. पडदा काळा झाला आणि परत उजळला तेव्हा फॉर्मवर होतं ५९,९९०. बँकेच्या पानावर शिल्लकही तेवढ्यानं वाढलेली! बाई रडकुंडीला आली. ‘सर, आपने एक ज़ीरो ज़्यादा डाल दिया, मेरी नौकरी चली जाएगी.’

आता अप्पांचा स्वभाव सांगायला हवा. भाजीवाल्यानं पाच रुपये जास्त परत दिले तर परत मंडईत जाणारा हा माणूस. दुसऱ्याचे पैसे खात्यात आहेत म्हटल्यावर त्यांनी चष्मा लावला, कागदावर वजाबाकी केली आणि बाईनं पाठवलेला क्यूआर फोनवरून स्कॅन करून ५३,९९१ रुपये पाठवले. रुपयाचाही फरक नाही. ती वजाबाकी डायरीत आहे, दोनदा पडताळलेली.

खात्यात काहीच आलं नव्हतं. ब्राउझरमध्ये उघडलेल्या कुठल्याही पानावरचा मजकूर आपल्या पडद्यापुरता बदलता येतो; राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ केलं की आकडा खोडून दुसरा लिहा. बँकेच्या सर्व्हरवर काही बदलत नाही, पान रिफ्रेश केलं की जुना आकडा परत. काळ्या पडद्यामागं तेच चाललं होतं. पैसे गेल्यावर बँकेचा एसएमएस आला, त्यात खरी शिल्लक होती. ती बघून अप्पांनी मला फोन केला: ‘अरे, बँकेचा काहीतरी घोळ झालाय.’

‘अप्पा, आधी इंटरनेटची वायर काढा,’ म्हटलं. मग १९३० ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढं सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. त्यानंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार, दुसऱ्या फोनवरून नेट बँकिंगचा पासवर्ड बदलणं आणि बँकेत लेखी अर्ज. थोडी रक्कम एका खात्यात अडकली, बाकीची तोवर पुढच्या खात्यांत गेली होती. बँकेनं हात वर केले, कारण पिन अप्पांनी स्वतः टाकला होता. ग्राहकाच्या जबाबदारीबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये परिपत्रक काढलं होतं, पण ग्राहकाच्याच निष्काळजीपणानं पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्यानं सोसायचा, असं त्यातच लिहिलंय. चष्मा लावून वजाबाकी करणाऱ्या माणसाला निष्काळजी म्हणायचं, म्हणजे कमाल आहे.

ही चिल्लर पोरांची भानगड समजू नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये सीबीआयनं ‘ऑपरेशन चक्र’मध्ये अमेरिकन लोकांना लुबाडणारी दोन कॉल सेंटर पकडली, एक अहमदाबादला आणि एक आपल्या पुण्यात. पाठ केलेली संवादसंहिता वाचणारे पगारी लोक असतात हे.

मूळ दुखणं होतं कॉम्प्युटर सावकाश चालण्याचं. मशीनच्या कुठल्या भागावर किती ताण आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला तर डिस्क १०० टक्के. अँटीव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना वाचून बघतो, आणि फिरत्या तबकडीला तेवढी धावपळ झेपत नाही; दोन अँटीव्हायरस असतील तर ते एकमेकांच्याही वाटेत येतात. मी डेटाची प्रत काढली, विंडोज नव्यानं टाकलं आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवली. मशीन आता मिनिटाच्या आत कामाला लागतं. अँटीव्हायरस म्हणून विंडोजसोबत फुकट येणारा डिफेंडरच ठेवला. आपण टाकलेला दुसरा अँटीव्हायरस काढला की तो आपोआप जागा होतो. त्याचं ठरावीक वेळचं स्कॅन मुळात प्रोसेसरचा ५० टक्क्यांपर्यंत वाटा घेतं. पॉवरशेल या विंडोजच्या कमांड द्यायच्या खिडकीतून तो मी २० वर आणला. विंडोज १० वर डिफेंडरला नव्या व्हायरसची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलंय. पण विंडोजमधली भोकं बुजवणं ही वेगळी गोष्ट. त्यासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करावी लागते, ती केली.

कुणाला विकतचाच हवा असेल तर कोणता किती जड, हे जाहिरातीत बघू नये. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज ही संस्था फाइल कॉपी करणं, प्रोग्राम उघडणं अशा कामांत कोणता अँटीव्हायरस किती वेळ खातो हे मोजून अहवाल देते, फुकट वाचता येतात. आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. पडद्यावर नंबर दिसला की ते खोटं. पूर्ण पडदा अडवून भोंगा वाजत असेल तर एस्केप दाबून धरा, नाहीतर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट करून ब्राउझर बंद करा. तेही जमलं नाही तर सरळ बटणानं मशीन बंद करा, काही बिघडत नाही.

परवा अप्पांना तिसरा फोन आला. या वेळी ‘सायबर सेल’मधून. तुमची अडकलेली रक्कम सुटली आहे, २,५०० रुपये प्रोसेसिंग फी भरा. एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, तेव्हा हा फोन येतोच. तक्रारीला किंवा गोठवलेली रक्कम सोडवायला पोलीस यूपीआयवर फी मागत नाहीत. अप्पांनी त्याला पोलीस ठाण्याचा पत्ता आणि जावक क्रमांक विचारला, त्यानं फोन ठेवला, आणि तो नंबर आम्ही आधीच्या तक्रारीला जोडून दिला.