जळालेली मोटर भरून घ्यावी की नवी आणावी?

डाळमिलच्या रोलरची वीस एचपीची मोटर जळाली की लातूरच्या एमआयडीसीत दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, "भरून घ्या, बारा हजारांत काम होतंय." दुसरा म्हणतो, "किती वेळा भरणार? नवी टाका." भरणं म्हणजे आतली जळालेली तार काढून नवी गुंडाळणं. मी दोन्ही करून पाहिलंय. आज माझ्या रोलरवर नवी आयई-3 मोटर आहे (आयई म्हणजे कार्यक्षमतेचा वर्ग, आकडा मोठा तशी वीज कमी), आणि गोदामाच्या एलिव्हेटरवर भरलेली मोटर निवांत चालतेय. त्यावरून माझा कल लक्षात येईलच. तरी दोन्ही बाजू मांडतो, कारण तुमची मिल माझ्यासारखीच चालत असेल असं नाही.

हिशेबाला बसताना काही गोष्टी बाहेर ठेवाव्या लागतात. ही मोटर पूर्वी दोनदा भरली, तेव्हा किती गेले, मुळात कितीला घेतली होती, वहीत आज तिची किंमत काय दिसते, यातलं काहीच धरायचं नाही. ते पैसे गेले, आता भरली काय किंवा बदलली काय, परत येणार नाहीत. "एवढा खर्च केलाय हिच्यावर, आता कशी काढू" हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या मालकांकडून ऐकलंय. जुन्या मोटरीची धरण्यासारखी किंमत एकच, भंगारवाला आज वजनावर देईल ती. मला दहा हजारांच्या आसपास सांगितली होती. मोटर भरून ठेवली की ते दहा हजार तिच्यातच अडकतात, म्हणून त्यांचं व्याज भरण्याच्या खर्चात धरायला हवं.

आता तुलना. नवी मोटर मला जीएसटीसकट 65 हजारांना पडत होती. सकट म्हणतोय त्याला कारण आहे. 25 किलोच्या वरच्या कट्ट्यात डाळ विकणाऱ्याच्या मालावर जीएसटी नाही, त्यामुळे मोटरीवर भरलेला 18 टक्के परतही मिळत नाही. फाउंड्रीवाला मित्र हाच भाव वजावट करून सांगतो, त्याच्या आकड्यावर जाऊ नका. बारा हजार आणि पासष्ट हजार समोरासमोर ठेवून काही कळत नाही, कारण एक तीन वर्षं चालणार आणि दुसरी दहा. म्हणून दोन्हींचा वर्षाचा हप्ता काढायचा, कर्जाचा काढतो तसाच. 12 टक्के व्याज धरलं तर 65 हजारांचा दहा वर्षांवर वर्षाला साधारण साडेअकरा हजार येतो. बारा हजारांचा तीन वर्षांवर पाच हजार, त्यात अडकलेल्या भंगाराचं व्याज बाराशे, म्हणजे सहा हजार दोनशे. फरक वर्षाला पाच हजार तीनशेचा, आणि तो भरण्याच्या बाजूनं.

हा फरक वीज भरून काढते का, एवढंच बघायचं. कार्यक्षमतेच्या तक्त्यात 15 किलोवॅट (वीस एचपी), चार पोलच्या मोटरीला आयई-1 मध्ये 88.7 टक्के कार्यक्षमता आहे, आयई-3 मध्ये 92.1. माझी जुनी होती आयई-1 च्या काळातली, त्यात दोनदा भरलेली, म्हणून 87 धरली. रोलरवर पाऊण लोड असतो, म्हणजे शाफ्टवर सव्वाअकरा किलोवॅट. ते द्यायला जुनी 12.93 किलोवॅट ओढते, नवी 12.22. तासाला 0.7 युनिटच्या वर फरक, नऊ रुपये दरानं साडेसहा रुपयांच्या आसपास. म्हणजे वर्षाला सव्वाआठशे तास चालली की नवीचा जास्तीचा हप्ता सुटला. तुरीची आवक जोरात असताना आपण दोन पाळ्या चालवतो आणि बाकी वर्ष एक. तीन हजार तास सहज होतात, तेव्हा वाचतात एकोणीस हजार.

हे 87 मी मोजलेलं नाही, अंदाज आहे. 88 धरलं तरी हप्ता सुटण्याची ही रेषा हजार तासांवर येते. नवी मोटर दहाच्या ऐवजी पाचच वर्षं टिकली असं धरलं तर हप्ता अठरा हजारांवर जातो आणि रेषा अठराशे-एकोणीसशे तासांवर. तरीही रोलर त्याच्या पुढे आहे. करातला फरक लहान आहे. भरण्याचा खर्च त्याच वर्षी दुरुस्तीत जातो आणि नव्या मोटरीला 15 टक्के घसारा मिळत राहतो. सीएला विचारा, पण त्यावरून निर्णय फिरवू नका.

खरं सांगायचं तर मला या आकड्यांनी नवीकडे ढकललं नाही. एकोणीस हजारांचा फायदा कागदावर दिसला तरी मिलमध्ये कुणाला जाणवत नाही. मला कंटाळा आणला तो ओव्हरलोड रिलेनं, म्हणजे करंट ठरल्यापेक्षा वाढला की मोटर बंद पाडणाऱ्या उपकरणानं.

मोटर भरून आली की मोकळी, म्हणजे लोड न देता, चालवून टाँग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा) लावायचा. आधी मोकळ्यावर दहाच्या आसपास ॲम्पिअर घेणारी माझी मोटर भरल्यावर तेरा-साडेतेरा घ्यायला लागली. भरणाऱ्यानं "एवढं चालतं" म्हणून सांगितलं, आणि हिवाळ्यात ते चाललंही. एप्रिलात दुपारचं तापमान चाळीसच्या वर गेलं, मोटरीच्या पंखांवर चुणीचा थर बसला, व्होल्टेज थोडं बसलं, की तीनच्या सुमाराला रिले ट्रिप. रोलर भरलेला असताना थांबतो. झडप बंद करा, आतला माल हातानं काढा, मग पुन्हा स्टार्ट. तोवर खाली हमाल बसलेले. चार दिवसांनी ट्रिप होणं अचानक थांबलं, म्हणून पॅनल उघडून पाहिलं. 28 ॲम्पिअरची मोटर, स्टार-डेल्टा स्टार्टर (यात रिलेतून मोटरीचा पूर्ण करंट जात नाही), म्हणजे रिले सोळावर हवा. स्क्रू एकोणीसवर.

"मालक, जरासं वाढवून ठेवलं. उगं सारखं ट्रिप मारायली होती."

ऑपरेटरला काय बोलणार? हॉपर त्याच्या डोक्यावर भरलेला, गाडीवाला खाली ओरडतोय. स्क्रू पुन्हा सोळावर आणला की आठवड्यात तो पुन्हा वर जातो. वाइंडिंग ठरल्यापेक्षा दहा अंशांनी गरम चाललं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं, असा मोटरवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. म्हणजे भरलेली मोटर आधीच गरम, त्यात तिचं संरक्षण काढून घेतलेलं, मग ती पुन्हा जळते आणि आपण म्हणतो भरणारा वाईट. हा फेरा मला कुठल्याही तक्त्यात मांडता आला नाही, पण निर्णय यानंच झाला. नवी मोटर मोकळी चालताना हात लावला तरी भरलेलीपेक्षा थंड असल्याचं कळतं. गेल्या उन्हाळ्यात रिले सोळावरच राहिला. तो आपल्याच मर्जीनं राहिला, कुणी राखण केली म्हणून नव्हे.

भरणाऱ्यांवर सरसकट अन्याय नको. बिघाड कुठे होतो ते त्यांच्या दुकानात उभं राहिलं की दिसतं. जळालेली तार वार्निशनं दगडासारखी घट्ट बसलेली असते. घाईतला माणूस एका बाजूची टोकं छिनीनं तोडतो, गॅसची ज्योत थेट स्टेटरवर (मोटरीच्या न फिरणाऱ्या भागावर) धरतो आणि धूर निघाला की गुंडाळ्या ओढून काढतो. त्या ज्योतीनं पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं, पत्रे एकमेकांना चिकटतात आणि पुढे कोअर, म्हणजे त्या पत्र्यांचा गाभा, कायमचा जास्त तापतो. स्टेटरच्या दातांवर निळसर झाक दिसली तर समजून जा. जो तापमान बांधलेल्या भट्टीत, साडेतीनशे-पावणेचारशे अंशांच्या आत, स्टेटर भाजून तार काढतो, मूळ वेढे आणि तारेचा गेज वहीत लिहून तेच भरतो आणि वार्निश नीट भाजतो, त्याच्याकडून आलेली मोटर जवळजवळ मूळ कार्यक्षमतेला चालू शकते. असा माणूस तुमच्या गावात असेल तर माझा अर्धा मुद्दा गळतो. मला तो मिळाला तेव्हा त्याच्याकडे सीझनमध्ये आठवड्याची रांग होती.

नवीचेही त्रास आहेत, विक्रेता ते सांगत नाही. आयई-3 सुरू होताना जास्त करंट ओढते. जुना एमसीबी पहिल्याच स्टार्टला पडू शकतो, तो बदलायचा खर्च धरून ठेवा. नवी थोडी जोरातही फिरते, मिनिटाला 1455 फेऱ्यांच्या जागी 1465 वगैरे. रोलरला त्यानं काही होत नाही. ब्लोअरला मात्र होतं, कारण तिथे वेग वाढला की शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. एवढ्याशा वेगानं दोन टक्के जास्त ओढली की वाचवलेल्यातला तिसरा हिस्सा हवेत जातो. पुली किंचित बदलून वेग मूळवर आणला नाही तर ब्लोअरवर नव्या मोटरीचा फायदा तेवढा कमी होतो. फ्रेम (मोटरीच्या सांगाड्याचं माप) 160 एल असेल तर बोल्टाची भोकं आणि 42 मिलिमीटरचा शाफ्ट जुळतो. फार जुनी मोटर असेल तर मोजून घ्या.

आणि तीनपैकी एक फेज जाऊन दोन फेजवर चालली तर नवीही त्याच दुपारी जळेल. फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर दोन्ही पर्यायांत लागतोच, तो तुलनेत धरू नका.

गोदामाचा एलिव्हेटर आवक उतरवतानाच चालतो, पाण्याचा पंप दिवसाला तासभर. वर्षाला हजार तासांच्या आतल्या असल्या मोटरी मी भरूनच घेतो आणि पुढेही घेईन. रोलर, ग्रेडर असं पाळीभर चालणारं काही असेल तर मला वाटतं नवी घ्यावी. पैसे आत्ता अडचणीत असतील तर एवढा सीझन भरलेल्यावर काढून जूनमध्ये बदललीत तरी फार बिघडत नाही, फक्त पॅनलची किल्ली तेवढे दिवस स्वतःकडे ठेवा. नवी बसली की पहिल्याच दिवशी ती मोकळी चालवून टाँग टेस्टरवर तिन्ही फेजचे आकडे घ्या आणि टर्मिनल बॉक्सच्या झाकणाच्या आतून मार्करनं लिहून ठेवा. कधीतरी तीही भरायला जाईल, तेव्हा परत आलेली मोटर ताब्यात घ्यायची की माघारी पाठवायची हे त्या आकड्यांवरून ठरवता येतं.