सेकंड हँड सहाचाकीतला ‘खट्ट’ आवाज: हाऊसिंग उघडण्याआधी ग्रीसचं निपल बघा

जुनी सहाचाकी (सहा चाकांचा ट्रक) घेऊन आता काही महिने झाले. इंजिन, केबिन, ॲव्हरेज यांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. गाडी लोड ओढते, घाटात तापत नाही आणि डिझेल तिच्या वयाला शोभेल इतकंच पिते. लिहायचं आहे ते एका आवाजाबद्दल, कारण या आवाजापायी चांगल्या गाड्यांची हाऊसिंग (मागच्या ॲक्सलचं, आत गिअर असलेलं कवच) विनाकारण उघडली जातात आणि मालकाच्या खिशातून हजारो रुपये जातात.

गाडी पूर्ण थांबली की अर्ध्या सेकंदाने खालून एकच ‘खट्ट’. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की पुन्हा एक. लासलगावहून कांदा भरून वाशी मार्केटला निघालेली गाडी कसारा घाट उतरताना जवळजवळ गप्प असते. तीच गाडी रिकामी परतताना टोलच्या रांगेत दर खेपेला पुढे सरकली की ठोका देते. भरलेली असताना कमी आणि रिकामी असताना जास्त, हा सगळ्यात मोठा धागा होता आणि गॅरेजमध्ये कोणी तो विचारलाच नाही. तिथलं उत्तर ठरलेलं होतं: “क्राऊन-पिनियन गेलंय, हाऊसिंग खोलावं लागेल.” क्राऊन-पिनियन म्हणजे शाफ्टचं फिरणं चाकांकडे वळवणारी हाऊसिंगमधली गिअरची जोडी.

गाडीच्या कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. मागे पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसलेलं ॲक्सल, गिअरबॉक्सपासून हाऊसिंगपर्यंत जाणारा दोन तुकड्यांचा प्रॉपेलर शाफ्ट, मध्ये त्याला आधार देणारं सेंटर बेअरिंग आणि तीन क्रॉस (शाफ्टचे वळते सांधे) अशी रचना असलेल्या कुठल्याही गाडीला पुढचं सगळं लागू पडतं.

पाना हातात घेण्याआधी आवाज नेमका केव्हा येतो ते बघावं. रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना दर वेळी एक खटका येत असेल, तर तो सगळ्या सांध्यांच्या ढिलाईची बेरीज असतो. थोडा तर नव्या गाडीतही येतो. दिशा बदलल्यावर पहिल्याच ब्रेकला एकदा ‘टक्’ आणि नंतर काही नाही, तर ड्रममधले ब्रेक शू उलट्या बाजूला सरकून टेकताहेत. त्याचा शाफ्टशी संबंध नाही. गिअर न्यूट्रलला असतानाही खड्ड्यात वाजत असेल, तर शॅकल (पाटा चॅसीला जोडणारी कडी), पाट्याचे बुश, शॉकॲब्सॉर्बरची रबरं, बॉडीचे यू बोल्ट आणि स्टेपनीचा कॅरिअर बघायचा. वेगाबरोबर ठेका वाढत असेल, तर क्रॉस किंवा एखादा तुटका दात. थांबल्यानंतर किंवा थांबता थांबता येणारा एकटा ठोका मात्र वेगळा. त्याच्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

तपासणी सपाट जागेवर करावी. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावायचे, किल्ली काढून खिशात ठेवायची. काही गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर असतो. अशा गाडीचा शाफ्ट सोडला की हँडब्रेकही गेला आणि गिअरही गेला, गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. ठोकळे लावल्याशिवाय खाली शिरायचंच नाही, मग काम पाच मिनिटांचं असो.

गिअर न्यूट्रलला ठेवून मागचा शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवायचा. फ्लँजवर (शाफ्ट ज्या चकतीला बोल्टने जोडतात तिच्यावर) आणि शाफ्टवर खडूने आडवी रेघ मारून ठेवली की कोण कोणाच्या मागे राहतंय ते स्पष्ट दिसतं. क्रॉसच्या एका बाजूची रेघ हलते आणि दुसऱ्या बाजूची थोडी उशिरा हलते, म्हणजे तो क्रॉस गेला. क्रॉसमध्ये हाताला जाणवेल इतका प्ले (ढिलाई) चालतच नाही, तिथे ‘थोडासा चालतो’ हे मान्य करू नये. क्रॉसच्या टोपीभोवती तपकिरी-लाल पूड दिसली तर आतल्या सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) कोरड्या पडून गंजल्या आहेत. संशय राहिला तर शाफ्ट उतरवून क्रॉस बोटांनी फिरवावा. खाचेत अडकत अडकत फिरला तर बदलायचा.

हाऊसिंगच्या तोंडाशी असलेल्या फ्लँजला हलवल्यावर तो पाच-सहा मिलिमीटर फिरतो, आणि तेवढं दाखवून क्राऊन-पिनियनचं निदान केलं जातं. इथे जरा हिशेब करावा. या वर्गातल्या गाडीत क्राऊन-पिनियनमधली मोकळीक साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळतो. पिनियनच्या दातावरचे ०.२ मिमी पाच सेंटीमीटर त्रिज्येच्या फ्लँजवर जेमतेम ०.३ ते ०.४ मिमी होतात. डोळ्याला ते धड दिसतही नाहीत. मग उरलेले पाच मिलिमीटर कुठून आले? डिफरन्शियलमधले (दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या हाऊसिंगमधल्या रचनेतले) छोटे गिअर, त्यांचे थ्रस्ट वॉशर आणि ॲक्सलच्या टोकाचे दाते यांतून. त्यांची ढिलाई फ्लँजवर येताना हाऊसिंगच्या रेशोने (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे जितके फेरे होतात त्याने) गुणली जाते. रेशो ४ ते ५ धरला, तर ॲक्सलकडची फक्त एक अंशाची ढिलाई फ्लँजच्या कडेला साडेतीन ते साडेचार मिमी दिसते. म्हणजे पाच मिलिमीटर हलणाऱ्या फ्लँजच्या आत क्राऊन-पिनियन ठणठणीत असू शकतं. खरी काळजी करायची ती फ्लँज पुढे-मागे किंवा वर-खाली हलत असेल तर. तिथे अजिबात प्ले नको. तो असेल तर पिनियनचं बेअरिंग किंवा नट सैल झालाय. अशा वेळी नुसता नट ओढू नये. काही हाऊसिंगमध्ये त्याखाली दबणारा स्लीव्ह असतो, तो जास्त दबला की बेअरिंगवरचा भार बिघडतो आणि मग खरोखरच हाऊसिंग खोलावं लागतं.

या गाडीत फ्लँज पुढे-मागे हलत नव्हता. तीनपैकी मागचे दोन क्रॉस मात्र गेलेले होते. क्रॉस काही शे रुपयांत येतो, क्राऊन-पिनियनचा जोड मजुरी धरून त्याच्या कित्येक पट. दोन्ही क्रॉस बदलले, ग्रीस चारही टोप्यांतून बाहेर येईपर्यंत भरलं, सर्क्लिप (टोपी अडकवून ठेवणारी क्लिप) खाचेत नीट बसल्याची खात्री केली. पहिला टाकतानाचा ठोका निम्म्याहून कमी झाला. त्या वेळी हे लिहायला घेतलं असतं, तर ‘क्रॉस बदला, विषय संपला’ असंच लिहिलं गेलं असतं. पण थांबल्यानंतरचा ठोका तसाच राहिला होता.

तो ठोका स्लाइडिंग जॉइंटचा. मागचं ॲक्सल पाट्यांवर वर-खाली होतं, त्यामुळे शाफ्टची लांबी सतत थोडी बदलावी लागते. त्यासाठी शाफ्टमध्ये दात्यांवर सरकणारा स्लीव्ह असतो. ब्रेक दाबला की हाऊसिंग चाकांबरोबर किंचित फिरून नाक खाली घालतं आणि पाटे पिळले जातात. गाडी थांबली की पाटे पीळ सोडतात आणि नाक पुन्हा वर येतं. एवढ्यात शाफ्टला दोन-चार मिलिमीटर सरकायचं असतं. दाते कोरडे असतील तर ते चिकटून बसतात, ताण साठतो, आणि मग एकदम सुटतात. तोच ‘खट्ट’. गाडी भरल्यावर पाटे सपाट होतात, शाफ्टची लांबी बदलते आणि स्लीव्ह दात्यांच्या दुसऱ्या, कमी घासलेल्या भागावर येतो, म्हणून भरल्या गाडीत आवाज कमी. सुरुवातीचा धागा इथे जुळला.

आता त्या निपलबद्दल, म्हणजे ग्रीस गन लावायच्या छोट्या तोंडाबद्दल. स्लाइडिंग जॉइंटला ग्रीसचं एकच निपल असतं आणि या गाडीत शाफ्ट ज्या स्थितीत थांबतो, त्यात बहुतेक वेळा ते वर, चॅसीच्या आडव्या पट्टीकडे तोंड करून असतं. गन तिथे पोहोचत नाही. सर्व्हिसिंगवाला समोर दिसणाऱ्या निपलांना ग्रीस मारतो, बिलावर ‘फुल ग्रीसिंग’ लिहितो आणि हे एक राहून जातं. वर्षानुवर्षं राहून जातं. या गाडीत त्याच्यावर चिखलाचा इतका जाड थर होता की तिथे निपल आहे हे खरवडल्यावर कळलं, आणि त्यातली गोळी गंजून जाम झालेली होती. गन लावली तर ग्रीस बाजूने परत येत होतं. आत काही जात नव्हतं. ज्या भागाचं आयुष्य एका निपलावर अवलंबून आहे, त्याचं निपल असं दडवून ठेवणं ही रचनेतली चूक आहे, आणि चहा-वड्याच्या किमतीचा तुकडा बदलायला कोणी सुचवत नाही याचा खरोखर राग येतो.

ते नीट करायची पद्धत अशी. पुढच्या चाकांना ठोकळे, गिअर न्यूट्रल, मागची एक बाजू जॅकने उचलून ॲक्सलखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावायची. नुसत्या जॅकवर काम नको. हँडब्रेक मागच्या चाकांवर असो की शाफ्टवर, तो सोडायचा. आता शाफ्ट हाताने फिरतो आणि निपल खाली आणता येतं. वायरब्रशने साफ करून जुनं निपल काढायचं, भोकात साठलेलं कडक ग्रीस तारेने काढायचं, त्याच आट्यांचं नवं बसवायचं. लिथियम इपी २ नंबरचं ग्रीस चालतं, मॉलिब्डेनम असलेलं मिळालं तर दात्यांना जास्त चांगलं. स्लीव्हच्या टोकाला पत्र्याची टोपी असते आणि तिला हवा जाण्यासाठी बारीक भोक असतं. आधी त्या भोकातून ग्रीस येईपर्यंत गन मारायची, मग भोक बोटाने दाबून दुसऱ्या टोकाच्या सीलमधून ग्रीस डोकावेपर्यंत. तिथे थांबायचं. जोर लावून मारत राहिलं तर टोपीच निखळते आणि पहिल्याच पावसात आत पाणी जातं.

ग्रीस गेल्यावर ठोका बंद झाला. पूर्ण बंद. इथपर्यंतचं मत असं होतं की नव्वद टक्के गाड्यांचा प्रश्न एवढ्यावर सुटावा.

पावसाळ्यानंतर ते मत थोडं बदललं आहे. पाण्यातून चाललेल्या आणि प्रेशरने धुतलेल्या गाडीत ग्रीस लवकर निघून जातं, आणि ठोका परत आला. यावेळी शाफ्ट उतरवून दाते बघितले. उतरवण्याआधी स्लीव्ह आणि शाफ्टवर समोरासमोर पंचने खूण करायची, हे विसरू नये. एक दाता जरी पुढे-मागे बसला तरी दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत राहत नाहीत, गाडी थरथरते आणि ती थरथर सेंटर बेअरिंग खाते. दात्यांच्या मधल्या भागात, जिथे स्लीव्ह रिकाम्या गाडीत बसतो, तिथे पायरीसारखी झीज होती. स्लीव्ह एका हातात आणि शाफ्ट दुसऱ्या हातात धरून पिळलं की खुळखुळ जाणवत होती. इतकी झीज ग्रीस लपवतं, भरून काढत नाही. स्लीव्ह आणि दात्यांचा तुकडा जोडीनेच बदलायचा. जुन्या तुकड्यावर नवा स्लीव्ह चढवला तर तो पुन्हा लवकर झिजतो. नवा तुकडा नळीला वेल्ड होतो, म्हणून काम लेथवर सरळ करून घ्यायचं आणि शेवटी शाफ्ट मशीनवर बॅलन्स करून घ्यायचा. बॅलन्सिंगचे पैसे वाचवू नयेत. इथे वाचवलेले पैसे सेंटर बेअरिंग दुप्पट करून घेतं.

शाफ्ट खाली आहे तोवर बाकीचंही बघून घ्यावं. सेंटर बेअरिंगचं रबर फाटलं असेल तर भरल्या गाडीत उचल घेताना ‘धप्’ असा जाड आवाज येतो. मागच्या पाट्यांचे यू बोल्ट सैल असतील तर हाऊसिंग जास्त पिळतं आणि स्लाइडिंग जॉइंटवरचा ताण वाढतो. यू बोल्ट बदलले असतील तर भरलेली फेरी झाल्यावर पुन्हा कसावे लागतात. चाकाच्या मधोमध दिसणारे ॲक्सलचे नट बघावेत. तिथे ऑइलचा ओलावा आणि नटांभोवती चमकणारी कड असेल तर ते हलताहेत, आणि तोही ठोका हाऊसिंगमधून आल्यासारखाच ऐकू येतो. इंजिनची फाउंडेशन रबरं तपासायला ब्रेक दाबून अर्ध्या क्लचवर आधी पहिला, मग रिव्हर्स टाकावा आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन किती उचलतंय ते बघावं. समोर किंवा मागे कोणी उभं राहायचं नाही.

गाडीला पाचपैकी साडेतीन गुण. अर्धा गुण निव्वळ निपलच्या जागेसाठी कापला आहे. जुनी गाडी बघायला जाणाऱ्याने सोबत चिंधी आणि वायरब्रश न्यावा आणि हे निपल पुसून बघावं. ते चिखलाखाली जाम असेल तर शाफ्टच्या कामाचे पैसे सौद्यातून कमी करून घ्यावेत.

सध्या दर ५,००० किमीला ग्रीस, पावसाळ्यात त्याआधीच, आणि गाडी पाण्यातून गेली की लगेच. रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना हलका खटका अजून आहे. तो डिफरन्शियलच्या वॉशरचा दिसतो. हाऊसिंगचं इपी ९० ऑइल काढलं तेव्हा प्लगवर करड्या रंगाची बारीक पेस्ट होती, आणि ती इतक्या चाललेल्या गाडीत असतेच. बोटाला टोचणारे कण नव्हते. पुढच्या ऑइल बदलीच्या वेळी प्लग पुन्हा पुसून बघायचा. त्यात तुकडा किंवा पातळ कीस सापडला, तरच हाऊसिंगला पाना लावायचा.