४० फुटी ट्रेलर: चालवायला उत्तम, उभा ठेवायला डोकेदुखी

रस्त्यावर ट्रेलर झकास. हॉर्सवरच्या (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीवरच्या) फिफ्थ व्हीलच्या, म्हणजे ट्रेलरचं तोंड ज्यावर टेकतं त्या प्लेटला वेळेवर ग्रीस दिलं की वळणावर कुरकुर नाही. बुटीबोरीहून माल भरून हैदराबादपर्यंत ड्रायव्हरची एक तक्रार आली नाही.

माझं भांडण लँडिंग लेगशी, म्हणजे ट्रेलर एकटा उभा करायच्या पुढच्या दोन पायांशी आहे. हॉर्स सुटला की एरवी फिफ्थ व्हीलवर असणारा पुढचा सगळा भार या दोन पायांवर येतो. आणि पायाखालची पट्टी जेवणाच्या ताटाएवढीही नाही!

कापसीकडच्या आमच्या प्लॉटवर मे महिन्यात ट्रेलर ठणठणीत उभा होता. मृगाचा पाऊस झाला, काळी माती फुगून मऊ पडली आणि डावा पाय रुतून वाकला. पुढचा भाग इतका खाली बसला की हॉर्स खाली शिरेना. क्रेनचा भुर्दंड वेगळाच. सर्व्हिसवाले म्हणाले, "जमीन तुमची, वॉरंटीत बसत नाही." अहो, विदर्भात गाडी विकता तर काळ्या मातीबद्दल एक शब्द आधी सांगायला काय जातं?

तेव्हा एकच तारा देणार होतो. आता तीन देतो. नवा पाय बसवल्यावर प्लॉटवर मुरूम टाकून रोलर फिरवला, दोन्ही पायांखाली रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर घातले. काँक्रीट यार्डाचं भाडं दरमहा भरण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडलं. उरलेल्या पावसाळ्यात पाय हलले नाहीत. पायांचं हँडल लो गिअरला टाकलं की भरलेला ट्रेलरही एकटा माणूस उचलतो, हे मान्य करायलाच हवं.

बाकी सांभाळायचं थोडकं. ब्रेकची हवा उतरली की स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात; ओलीत बरेच दिवस तसेच राहिले की ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून धरतात, म्हणून मधूनमधून हॉर्स जोडून ट्रेलर थोडा पुढे-मागे घ्या. टायरही एकाच जागी दबत नाहीत. नागपूरच्या उन्हात रबराला चिरा पडतात, टायरवर ताडपत्री हवीच. एअर पाइपची तोंडं बंद ठेवा, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते.

पट्टी मात्र लहानच आहे. यवतमाळ, वर्धेकडे कुणी मोठी पट्टी वेल्ड करून घेतली असेल तर खर्च किती आला आणि वॉरंटीचं काय झालं, ते जरूर कळवा.