आरडी 350 चं इंजिन चमकवून दिलं आणि आतून घालवलं: पॉलिशच्या कामातली फसवणूक

राजदूतची आरडी 350 किंवा यामाहाची आरएक्स 100 घेऊन जो तो 'इंजिन पॉलिश' करायला निघालाय, आणि त्याच जोरावर काही जणांनी लुटीचा धंदा मांडलाय. आरडीचं असंच एक काम नुकतंच उघडून पाहिलं. ठरलं होतं असं: क्रँककेसचे (इंजिनच्या खालच्या पेटीचे) दोन्ही भाग आणि दोन्ही बाजूंची कव्हरं घासून बफिंग (फिरत्या चाकावर, म्हणजे मॉपवर, चमकवणं), लहान कव्हरांवर क्रोम, शिवाय पोर्ट (सिलेंडरमधल्या वायूच्या वाटा) पॉलिश. पैसे पूर्ण घेतले, बिल दिलं नाही. गाडी दिसायला झकास झाली. थोडे दिवस चालली आणि डाव्या बाजूचा पिस्टन सीझ झाला, म्हणजे सिलेंडरमध्ये अडकून बसला.

कारण क्रँककेसच्या जोडावर होतं. आरडीची क्रँककेस वरचा आणि खालचा असे दोन भाग मिळून बनते. मधे गॅस्केट नसतं, सीलंटचा पातळ थर असतो. त्यामुळे ते मशीन केलेले पृष्ठभाग सपाट असणं हेच सगळं काही. जुना रंग आणि मळ लवकर निघावा म्हणून दोन्ही भाग कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात बुडवले होते. कॉस्टिक रंगाबरोबर ॲल्युमिनियमही खातो. बाहेरचा खाल्लेला भाग बफ मारला की झाकतो. पण जोडावर आणि बेअरिंगच्या खोबणीत बफ जात नाही. तिथे राखी-काळा थर आणि बारीक खड्डे तसेच राहिले होते, आणि ते बुजवायला सीलंट जाडजूड थापलेलं होतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढलं जातं. तिथे बाहेरची हवा शिरली की मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि धरतो. ही तपासणी गाडी चालवण्याआधी सहज होते. इनटेक आणि एक्झॉस्ट रबराने बंद करायचे, काट्याच्या हातपंपाने साधारण 6 पीएसआय हवा भरायची आणि जोडांवर साबणाचं पाणी फिरवायचं. आरडीत सिलेंडर दोन, म्हणून दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासायच्या. काही मिनिटं काटा जागचा हलता कामा नये. 10 च्या वर मात्र कधीच नेऊ नका, क्रँकची रबरी सील उलटतात.

दुसरी लबाडी क्रोमची. ॲल्युमिनियमवर खरं क्रोम करायचं तर आधी झिंकेट (जस्ताचा पातळ थर), मग तांबं, मग निकेल आणि शेवटी क्रोम, असे थर चढवावे लागतात. ते खर्चिक आहे. इथे बफ केलेल्या कव्हरांवर नुसती लॅकर (पारदर्शक वार्निश) मारून क्रोमचे पैसे लावले होते. पांढऱ्या सुती फडक्यावर मेटल पॉलिश घ्या आणि कव्हराच्या आतल्या कडेजवळ घासा. उघडं ॲल्युमिनियम असेल तर फडकं लगेच काळं पडतं. क्रोम किंवा लॅकर असेल तर काळं पडत नाही. मग मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन्ही टोकं हलकेच टेकवा. क्रोमवर आवाज येतो, लॅकरवर येत नाही. लॅकर वाईट नाही, पण खाली घाम, तेल किंवा लस्टर (बफिंगचा मसाला) राहिला असेल तर पहिल्याच पावसात त्याखाली पांढरे धागे धावायला लागतात.

घासकाम नीट झालंय का ते उन्हात पाहायचं, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नाही. 220 नंबरच्या कागदाने सुरुवात, मग 400, 600, 800, 1000 आणि ओल्या 1500 ने शेवट. प्रत्येक नंबरला दिशा आडवी बदलायची, म्हणजे मागचे ओरखडे राहिलेत का ते दिसतं. त्यानंतर सायझल मॉपवर तपकिरी लस्टर आणि शेवटी मऊ सुती मॉपवर पांढरा. घाई करणारा एमरीच्या पट्ट्यावरून थेट मॉपवर जातो. त्याच्या खुणा लपत नाहीत: पृष्ठभागावर लाटा दिसतात, बोल्टच्या प्रत्येक भोकापासून एका बाजूला चमकेची शेपटी निघते आणि उठावाची अक्षरं कडांना बोथट होतात. डायकास्ट भागाची वरची कातडी दाट असते, आत बारीक पोकळ्या असतात. पट्ट्याने जास्त खाल्लं की त्या टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांनी उघड्या पडतात. मग वरून पुट्टी आणि चंदेरी रंग.

लस्टर म्हणजे मेणात कालवलेली अपघर्षक पूड. बेअरिंग आणि सील न काढता बफिंग केलं तर ती आत जाते आणि बेअरिंग खाते. म्हणून केस पूर्ण मोकळी करूनच द्यायची. परत आल्यावर रॉकेलने, मग गरम साबणपाण्याने धुवायची आणि प्रत्येक आटा व तेलमार्ग हवेने फुंकून घ्यायचा.

पोर्टचं थोडक्यात सांगतो. तोंडापासून बोटभर आत चमक आणि पुढे कास्टिंग जसंच्या तसं, असंच बहुतेक ठिकाणी सापडतं. त्याहून वाईट म्हणजे पोर्टच्या कडांची धार न मोडणं. त्या कडेवर पिस्टनची रिंग अडकते आणि तुटते.

सगळ्यात जपायचं ते इंजिन नंबरला. क्रँककेसवरच्या पंच केलेल्या आकड्यांवरून बफ फिरला की आकडे पुसट होतात. 15 वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला किंवा नावावर करताना आरटीओत आरसी बुकाशी नंबर जुळला नाही, तर गाडी अडकते आणि संशय मालकावर येतो. त्या पट्टीवर जाड टेप लावूनच केस द्या आणि तिथे हात लावायचा नाही असं कामाच्या चिठ्ठीवर लिहून घ्या.

पार्ट बदलण्याचीही भीती असते. जपानी मिकुनी कार्ब्युरेटर आणि मूळ कव्हरांना बाजारात चांगला भाव आहे. देण्याआधी प्रत्येक पार्टचे आतल्या बाजूच्या कास्टिंग खुणांसकट फोटो काढा, वजन टिपून ठेवा आणि आतून, न दिसणाऱ्या जागी, बारीक पंच मारा.

फसलात तर इंजिन उघडताना काहीही पुसायच्या आधी फोटो घ्या. थापलेलं सीलंट आणि आत राहिलेला लस्टर हाच पुरावा आहे. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. बिल नसेल तर यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवर ठरलेलं काम जपून ठेवा. आगाऊ रक्कम रोखीत देऊ नका.