सायलेंट हंटर ३ मधल्या प्रोपेलरची दुरुस्ती : आठ महिन्यांच्या वापरानंतर

निपाणी-चिकोडीकडे विहिरीवर नवी थ्री-फेज मोटर जोडली आणि पाणी कमी आलं, की पहिला संशय ठरलेला असतो : मोटर उलटी फिरत असणार. तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल केली की काम होतं. सायलेंट हंटर ३ (२००५) या पाणबुडीच्या संगणक-खेळातल्या जहाजांचे प्रोपेलर सुधारायला बसलं की हीच सवय नडते. प्रोपेलर उलटा दिसला की माणूस थेट जहाजाच्या त्रिमितीय मॉडेलला हात घालतो, आणि पुष्कळदा मॉडेलमध्ये काही चुकलेलंच नसतं.

आधी फ्रेमचा, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांचा, हिशेब करा. टाइप ७सी या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचे प्रोपेलर तीन पात्यांचे. पूर्ण वेगात, म्हणजे पाण्यावर १७.७ नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), डिझेल इंजिन मिनिटाला सुमारे ४७० फेरे मारतं. लॅपटॉप सेकंदाला ३० फ्रेम दाखवत असेल तर एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत प्रोपेलर ९४ अंश पुढे जातो. पण दोन पात्यांमधलं अंतर १२० अंश. डोळ्याला वाटतं की पातं २६ अंश मागे आलं, आणि प्रोपेलर मिनिटाला १३० फेऱ्यांनी उलटा फिरताना दिसतो. ६० फ्रेमवर तेच पातं ४७ अंश सरकतं आणि दिशा बरोबर दिसते. म्हणून एकच जहाज मोकळ्या समुद्रात सुलटं आणि ताफ्याजवळ फ्रेम घसरल्या की उलटं दिसतं. तीन पात्यांना ३० फ्रेमवर ३०० फेरे ही हद्द आहे, चार पात्यांना २२५. दिशा तपासायची ती सहा-सात नॉटवर, या हद्दीच्या बरंच खाली. खेळाच्या मिशन एडिटरमध्ये दिवसाची वेळ, शून्य वारा आणि सरळ जाणारं एकच जहाज, एवढं मिशन करून ठेवा. आठ महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोग याच मिशनचा झाला.

मग फेऱ्यांचा आकडा. जहाजाच्या फोल्डरमधली सिम फाइल (यात जहाजाच्या चालीचे आकडे असतात) सायलेंट थ्रीडिटर या फाइली बदलण्याच्या साधनात उघडली की प्रोपल्शन गटात इंजिनच्या आरपीएमचा, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांचा, रकाना दिसतो. बदलायचा तो एवढाच. शेजारचे कमाल वेग आणि कमाल बळाचे आकडे तसेच राहू द्या, नाहीतर जहाजाची चालच बदलते आणि टॉर्पेडोचे सगळे अंदाज कोलमडतात. लिबर्टी या महायुद्धातल्या अमेरिकी मालवाहू जहाजाचं वाफेचं इंजिन ७६ फेऱ्यांवर ११ नॉट देई, म्हणजे एका फेरीत जहाज साधारण साडेचार मीटर पुढे जाई. ही भागाकाराची कसोटी प्रत्येक जहाजाला लावा : नॉटला ३०.९ ने गुणा म्हणजे मिनिटाचे मीटर येतात, त्याला फेऱ्यांनी भागा. उत्तर प्रोपेलरच्या व्यासाच्या आसपास किंवा थोडं कमी यायला हवं. टाइप ७सी ला हेच लावलं तर १.१६ मीटर येतात आणि प्रोपेलरचा व्यास १.२३ मीटर, म्हणजे आकडा पटतो. पाच मीटर व्यासाच्या मालवाहू जहाजाला फेरीमागे एक मीटर येत असेल तर तो प्रोपेलर पंख्यासारखा गरगरतोय. पडताळायला स्टॉपवॉच पुरतं : ७६ फेऱ्यांच्या जहाजाला पूर्ण वेगात दहा फेऱ्यांना ७.९ सेकंद लागतात. मोजण्यासाठी एक पातं लाल रंगवायचा मोह होतो, पण पाती टेक्स्चरचा (मॉडेलवर चिकटवलेल्या चित्राचा) एकच तुकडा वाटून घेत असतील तर सगळीच लाल होतात. त्यापेक्षा चाचणीपुरतं एक पातं मॉडेलमध्ये लांब करा.

खरं डोकं लागतं ते दोन शाफ्टच्या, म्हणजे प्रोपेलर फिरवणारे दोन दांडे असलेल्या, जहाजांना. प्रत्यक्षात बहुधा उजव्या शाफ्टवर उजवा (मागून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारा) आणि डाव्या शाफ्टवर डावा प्रोपेलर असतो, वरची पाती बाहेरच्या बाजूला जातात. मॉडेल करणाऱ्याने एकच प्रोपेलर दोन जागी चिकटवला असेल तर दोन्ही एकाच दिशेने फिरतात. इथे बहुतेक जण एका बाजूचा नोड (फाइलमध्ये भागाची जागा आणि दिशा ठरवणारा बिंदू) १८० अंशांत वळवतात. फिरण्याची दिशा उलटते खरी, पण पात्यांचा पीळ तोच राहतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही लेथवाल्याला विचारा : उजव्या आट्याचा बोल्ट फिरवून उलटा धरला म्हणून आटा डावा होत नाही. असा प्रोपेलर जहाज पुढे जात असताना पाणी पुढेच ढकलताना दिसतो, शिवाय त्याची टोपी (मधल्या बुंध्याचं टोक) नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून बसते.

उपाय असा. मॉडेल असलेल्या डॅट फाइलमधून एका प्रोपेलरची जाळी (मॉडेलचा त्रिकोणांनी बनलेला आकार) ओबीजे प्रकारच्या फाइलीत बाहेर काढा. ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त शाफ्टच्या अक्षावर तिचं आरशातलं रूप करा. त्याने पीळ उलटतो आणि टोपीची दिशाही उलटते. आता नोड उभ्या अक्षाभोवती १८० अंश वळवला की टोपी पुन्हा पिछाडीला येते, पीळ उलटाच राहतो आणि फिरणंही उलटतं. तिन्ही गोष्टी जुळतात. आरसा केल्यावर त्रिकोणांची बाजू पालटते, म्हणून निर्यातीआधी नॉर्मल (त्रिकोणाची बाहेरची बाजू दाखवणाऱ्या दिशा) उलटवा. ते विसरलात तर पाती आतून पोकळ, काळपट दिसतात. ब्लेंडरमध्ये आणताना जे अक्ष निवडले तेच बाहेर काढताना निवडा, नाहीतर प्रोपेलर आडवा पडतो. पीळ ओळखायला पिछाडीमागून सगळ्यात वरचं पातं बघा : त्याची उजवी कड नाळेकडे, म्हणजे आपल्यापासून लांब असेल तर प्रोपेलर उजवा, आणि पुढे जाताना तो मागून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरायला हवा.

प्रोपेलर डगमगत, लंगडत फिरत असेल तर जाळीचा मध्य आणि नोडचा मध्य जुळलेले नाहीत. जाळीत बुंध्याचा मध्य शून्यावर आणा आणि जागेचं अंतर नोडमध्ये भरा. नोड सरकवून जाळी तशीच ठेवली तर डगमग जात नाही.

दुरुस्त फाइली खेळात बसवताना जेएसजीएमई हे मॉड चालू-बंद करणारं साधन वापरा (मॉड म्हणजे खेळात केलेला बदल) आणि फोल्डरची रचना मूळ खेळासारखी ठेवा. ग्रे वुल्व्हज एक्सपान्शनसारखा मोठा मॉड आधी बसवला असेल तर दुरुस्ती त्याच मॉडच्या सिम आणि डॅट फाइलींवर करा. मूळ खेळाच्या फाइली त्यावर चढवल्या तर त्या जहाजापुरतं मोठ्या मॉडचं काम पुसलं जातं, आणि जेएसजीएमईचा इशारा घाईत वाचलाच जात नाही. मॉड चालू-बंद करायचा तो पाणबुडी बंदरात असतानाच. गस्तीच्या मध्यात केलेला बदल जुनं सेव्ह खराब करू शकतो. खेळ प्रोग्राम फाइल्समध्ये असेल तर विंडोज बदललेल्या फाइली गुपचूप दुसरीकडे ठेवते आणि बदल झालाच नाही असं वाटतं. खेळ दुसऱ्या ड्राइव्हवर साध्या फोल्डरमध्ये ठेवा.

बाहेरचा कॅमेरा बंद ठेवून पूर्ण वास्तवतेत खेळणाऱ्यांना या कष्टाचं फळ जवळजवळ दिसणार नाही. हायड्रोफोनचा (पाण्याखालचे आवाज ऐकण्याच्या यंत्राचा) आवाज वेगळ्या ध्वनिफाइलींतून येतो, त्यामुळे फेरे सुधारल्याने तो सुधारत नाही. खऱ्या पाणबुडीत ऐकणारा माणूस फेरे मोजून शत्रूचा वेग काढत असे, ते इथे मिळत नाही याची खंत आहे. पण बंदराबाहेर पडताना मागचा कॅमेरा खाली न्यावा आणि दोन्ही प्रोपेलर बाहेरच्या बाजूला, संथ, बरोबर पिळाने पाणी कापत असलेले बघावेत, हे दृश्य आठ महिन्यांनीही जुनं झालेलं नाही. चार शाफ्टच्या युद्धनौका अजून बाकी आहेत. आतल्या जोडीची दिशा प्रत्येक वर्गाच्या आराखड्यावरून ठरवावी लागते, तिथे अंदाजाने आरसा करू नका.