पुठ्ठ्याआडची शिवण : नगरमधील एका बाइंडिंगच्या दुकानाविषयी

अहिल्यानगरच्या जुन्या पेठेतील ज्या बाइंडिंगच्या दुकानाविषयी हा अभिप्राय आहे, त्याचे नाव येथे दिलेले नाही. दुकान चालवणाऱ्या काकांनीच तशी विनंती केली. हातातले काम पुरेसे आहे, उगाच गर्दी नको, असे त्यांचे म्हणणे. जुन्या पुस्तकांची खरोखर काळजी असणाऱ्या माणसाला मात्र पेठेत चौकशी केल्यास हे दुकान सापडेल.

मी त्यांच्याकडे आजोबांचे बायबल घेऊन गेले होते. याआधी दुसऱ्या एका शहरातील बाइंडरने त्याच्या कडा मशीनवर सरसकट कापून टाकल्या होत्या आणि त्या कापणीत आजोबांनी समासात पेन्सिलीने लिहिलेली टिपणे अर्धवट उडाली होती. पाठीला डिंकासारखे काहीतरी इतके जाड थापले होते, की पुस्तक सपाट उघडतच नसे. काकांनी ते हातात घेऊन दोनतीन ठिकाणी उघडून पाहिले आणि आधीच सांगितले, की गेलेली अक्षरे परत येणार नाहीत, पण राहिलेल्यांना धक्का लागणार नाही. व्यवहाराच्या सुरुवातीलाच असे स्वच्छ बोलणारा कारागीर अलीकडे क्वचित भेटतो.

काम जुज बांधणीचे होते; जुज म्हणजे घडी घातलेल्या पानांचा एकेक गठ्ठा. आधीचा डिंक ओल्या फडक्याने मऊ करून खरवडायचा, जुज सुटे करायचे, घडीवर फाटलेल्या पानांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावायच्या आणि मग मेण लावलेल्या दोऱ्याने एकेक जुज शिवत जायचे. चिकटवण्यासाठी ते घरी शिजवलेली खळ वापरतात आणि तिला कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालतात. मधल्या एका फेरीत मी दुकानात बसले असताना त्यांनी शिवून झालेला बराचसा भाग पुन्हा उसवला, कारण आतल्या एका जुजाचा दोरा किंचित सैल राहिला होता. पुठ्ठा चढल्यावर हे कोणाला कळणार, असे मी विचारले. दाभण खाली न ठेवताच ते म्हणाले, "मला कळलंय ना, ताई. आणि हिशेब वर द्यायचाय."

त्यांच्या डोक्यावर भिंतीवर बायबलमधल्या कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रातील तिसऱ्या अध्यायाचे तेविसावे वचन रंगवलेले आहे : जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. हे वचन आपल्याकडे बऱ्याच ख्रिस्ती घरांत आणि कचेऱ्यांत दिसते, आणि खरे सांगायचे तर त्याचा गैरवापरही कमी होत नाही. मुळात ते दासांना उद्देशून लिहिलेले असल्यामुळे "प्रभूसाठी कर" असे म्हणून कामगाराकडून फुकट जादा काम करून घेणे मालकाला सोयीचे जाते. पुढच्याच अध्यायाच्या पहिल्या ओळीत धन्यांनी दासांशी न्यायाने व समतेने वागावे, कारण त्यांचाही धनी स्वर्गात आहे, असे बजावलेले असते, ते मात्र कोणी भिंतीवर रंगवत नाही. या दुकानात काम शिकणाऱ्या मुलाला संध्याकाळी वेळेवर सुट्टी मिळते आणि शनिवारी पगार हातात पडतो. शिवणीपेक्षाही याच गोष्टीमुळे भिंतीवरचे वचन मला खरे वाटले.

या भागातल्या ख्रिस्ती परंपरेत छपाई-बांधणीच्या कामाला मोठी प्रतिष्ठा आहे. नगरमध्ये १८४२ साली 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक सुरू झाले. दौंड तालुक्यातील केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांना इतर कामांबरोबर छापखान्याचे कामही शिकवले. हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर १९२२ साली त्यांचे निधन झाले त्यानंतर पूर्ण छापून झाले, तेही मुक्तीच्याच छापखान्यात. समाजाने टाकून दिलेल्या बायका तेथे छपाईचे खिळे जुळवत होत्या आणि त्यांच्या लेखी ते काम प्रार्थनेहून खालच्या पायरीचे नव्हते. काकांशी या विषयावर बोलायला गेल्यास ते दोन वाक्यांत आटोपते घेतात. उपदेश करण्याची त्यांना हौस नाही आणि गिऱ्हाईक कोणत्या धर्माचे आहे याची चौकशीही ते करत नाहीत. माझ्या पुस्तकाशेजारी शिकंज्यात 'ज्ञानेश्वरी'ची एक जुनी पोथी तितक्याच निगुतीने दाबून ठेवलेली होती.

उणिवाही सांगायला हव्यात. दिलेली तारीख पाळली जाईलच असे नाही, आणि नाताळाआधी गीतांच्या पुस्तकांची कामे आली की बाकी सगळे मागे पडते. मनापासून काम करणाऱ्याने वेळेचा शब्दही त्याच कामात धरायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. पाठीवरची सोनेरी अक्षरे थोडी वाकडी आली आहेत. कापडी बांधणीचे त्यांनी साडेचारशे रुपये घेतले, ते मला फारच कमी वाटले. मी जास्त देऊ केल्यावर त्यांनी नोटा मोजून वरचे पैसे परत केले. श्रद्धेने केलेले काम स्वस्तच असले पाहिजे असे कोठे लिहिलेले नाही, आणि या दरात तो मुलगा पुढे हा धंदा धरील की नाही याची शंका वाटते.

स्पायरल बाइंडिंग किंवा प्रकल्पांच्या वह्या घेऊन येथे जाऊ नये, ते काम घेतले जात नाही. दुकान रविवारी आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बंद असते. पैसे रोखच न्यावेत, आणि पुस्तकात सुटी पाने असतील तर ती दोऱ्याने न बांधता पाकिटात घालून न्यावीत, कारण दोऱ्याने कडा तुटतात आणि काकांचे बोलणे ऐकून घ्यावे लागते.